हेडलाइटच्या काचेला आतून घाम

पावसाळ्यात पापडाच्या डब्यात ओल शिरली की आपल्याला लगेच कळतं. गाडीच्या हेडलाइटला आतून घाम आला तर मात्र आपण "गॅरेजवाला बघेल" म्हणतो. चातुर्मासात इथे हडपसरला आमच्या गाडीचा डावा दिवा असाच धुरकट झाला. जुना हॅलोजन काढून पांढरा एलईडी बसवून महिनाही झाला नव्हता. दुकानदार म्हणाला, अख्खा हेडलाइट बदला. खर्च हजारांत! मी बी.कॉम. बाई, कारण कळल्याशिवाय पैसे सोडत नाही.

हेडलाइट हवाबंद नसतोच. दिवा तापला की आतली हवा बारीक छिद्रांतून बाहेर जाते, निवला की बाहेरची दमट हवा आत येते. साधा हॅलोजन 55-60 वॅटचा, चांगला तापतो आणि समोरची काच वाळवतो. एलईडीला वीज कमी लागते, शिवाय त्याची उष्णता मागच्या पंख्याकडे जाते. काच गारच राहते. थोडं धुकं त्यामुळेही धरतं. पण आमच्याकडे थेंब ओघळत होते. मागे हात घातला तर रबरी टोपी कापलेली! पंखा मावत नाही म्हणून बसवणाऱ्याने कापून तशीच लोंबती ठेवलेली. उजवीकडची टोपी धड होती, तिकडे टिपूस नाही.

तेव्हा हलकं धुकं येऊन जात असेल तर घाबरू नका. थेंब किंवा तळाशी पाणी दिसलं तर आधी टोपी बघा, मग काचेची कड आणि भेग. वाळवायला दिवा बंद ठेवून टोपी काढा आणि गाडी उन्हात लावा. ऊन नसेल तर हेअर ड्रायर, तोही मंद आणि लांबून, कारण ती "काच" प्लास्टिकची असते. आणि कुणी सिलिकॉन लावून सगळी छिद्रं बुजवायला निघालं तर थांबवा. मग आतली ओल जाणार कुठून?

सासवडला नणंदेकडे जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, तरी निघेपर्यंत अंधार होतोच. पावसात दिवे घाट उतरताना थेंबांनी फुटलेला उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मला तो धोका नको होता. नवी टोपी दोनशेच्या आत आली, आणि कंपनीने दिलेल्या वॅटचाच हॅलोजन परत बसवला. मुलगा म्हणतो, उजेड पिवळा दिसतो. दिसू दे.