घारींचे नगर

दिल्लीच्या जामा मशिदीच्या परिसरात दुपार कलली की आकाश घारींनी भरून येते. खाली गल्लीत एखादा मनुष्य मांसाचे बारीक तुकडे घेऊन उभा राहतो आणि एकेक तुकडा वर उडवतो. तो जमिनीवर पडण्यापूर्वीच एखादी घार तिरपी झेप घेऊन पंजात झेलते आणि उडता उडताच खाते. ही सदक्याची रीत. घरातले आजारपण टळावे, पापाचा भार हलका व्हावा, या श्रद्धेने जुन्या दिल्लीतील मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे दान करीत आली आहेत. घेणारा पक्षी मात्र कृतज्ञतेचा कोणताही आविर्भाव करीत नाही. ते त्याच्या हक्काचेच असावे, असा त्याचा डौल असतो.

मराठी माणसाच्या मनात घारीची दोन रूपे आहेत. संतवाणीत ती वात्सल्याची उपमा होऊन येते. अंगणातल्या व्यवहारात मात्र ती कोंबडीची पिल्ले उचलून नेणारी वैरीण असते. महानगराने तिला तिसरे रूप दिले. येथे ती पुरती शिकारी नाही आणि पुरती भिकारीही नाही. माणूस जे टाकतो आणि जे अर्पण करतो, त्या दोहोंवर तिचा संसार चालतो.

हा संसार लहान नाही. १९६७ च्या सुमारास गालुशिन या सोवियत पक्षिशास्त्रज्ञाने दिल्लीतील शिकारी पक्ष्यांची गणना केली. ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. दर चौरस किलोमीटरला घारींच्या सुमारे सोळा जोड्या, असा तिचा निष्कर्ष होता. एवढ्या दाटीने शिकारी पक्षी नांदावेत, असे जगात फार थोड्या ठिकाणी घडते. उंच जुनी झाडे, मांसबाजार, उघडा कचरा आणि सदका, हे त्यामागचे आधार. १९८४ पासून वाढत गेलेल्या गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या शेकडोंनी घिरट्या घालतात. घरट्यात काटक्यांबरोबर चिंध्या, प्लास्टिक आणि तारांचे तुकडेही विणलेले आढळतात. हिवाळ्यात मध्य आशियातून हिमालय ओलांडून त्यांचे दूरचे आप्तही येथे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

गालुशिनच्या गणनेत पांढऱ्या पाठीची गिधाडेही होती. ती आज शहराच्या आकाशात दिसेनाशी झाली आहेत. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील या जातीची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहूनही अधिक घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करी. हे कारण २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनास बंदी केली. घार केवळ मेलेल्या गुरांवर अवलंबून नव्हती. परंतु जिवंत राहणे म्हणजे निर्धास्त असणे नव्हे.

तिचा धोका आकाशातच ताणलेला असतो. इंग्रजीत पतंगाला आणि घारीला एकच नाव आहे. दिल्लीत मात्र एक दुसऱ्याचा घात करतो. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गच्चीगच्चीवरून पतंग चढतात आणि काचेची भुकटी लावलेला मांजा उडत्या घारीचे पंख कापून जातो. २०१७ मध्ये अशा मांजावर बंदी आली, तरी जखमी पक्षी येतच राहिले.

अशा घारीने जावे कोठे? नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दिल्लीतील दोघा भावांनी विशीच्या आतबाहेर असताना एक जखमी घार पक्ष्यांच्या एका रुग्णालयात नेली. मांसाहारी पक्षी म्हणून तिला तेथे प्रवेश मिळाला नाही. पुढे दोघे आपल्या घराच्या तळघरात, साबणपात्रे बनविण्याच्या आपल्या व्यवसायाच्या शेजारीच, अशा पक्ष्यांवर उपचार करू लागले. २०२२ मधील शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या अनुबोधपटामुळे त्यांचे काम जगापुढे आले.

नकार देणाऱ्यांनाही निर्दय म्हणता येत नाही. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने घारीसाठी मांस कोठून आणावे? एका श्रद्धेने घारीला मांस भरवले, दुसरीने त्याच मांसामुळे तिला दाराबाहेर ठेवले. आणि दोन्ही श्रद्धांना दयाच अभिप्रेत होती. पात्रता पाहून केलेली दया आपल्याला सोपी जाते. कबुतराला दाणे टाकताना मनात प्रश्न उठत नाही. जिच्या चोचीला रक्त लागलेले आहे, तिची जखम बांधताना मात्र दयेलाच आपली सीमा ठरवावी लागते.

घारींसाठी कचऱ्याचे डोंगर टिकावेत, असे कोणी म्हणणार नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गाझीपूरचा ढिगारा कोसळला, तेव्हा त्यात माणसांचे बळी गेले. ते डोंगर उद्या हटतील आणि हटावेतच. घारींची संख्या त्यामुळे घटेलही. तथापि जुने वृक्ष उभे ठेवणे आणि मांजाऐवजी साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवणे, एवढे तरी माणसाच्या हाती आहे.