वेणी झाडावरच राहिली

माहुली, ता. शहापूर
शनिवार, संध्याकाळ

ती. आईस,

सकाळी कसारा लोकलने आसनगावला उतरले आणि रिक्षाने माहुलीच्या पायथ्याशी आले. ऑर्किड बघायला चाललेय म्हटल्यावर तू विचारलंस, "तिथे कसलं आलंय प्रदर्शन?" राणीच्या बागेतल्यासारखा मांडव नाही की पहिल्या नंबराची चिठ्ठी नाही. ज्येष्ठात दोन पाऊस झाले की ते झाडांवरच भरतं.

माहुली हा जिल्ह्यातला एक उंच गड. पण मी चढले नाही. माझं काम पायथ्याच्या रानातच होतं. सोबत गावातले एक ठाकर मामा. त्यांनी जुन्या आंब्याच्या बेचक्याकडे बोट दाखवलं. जाड, पट्ट्यांसारखी पानं आणि खाली वीतभर लोंबणारा घोस. एकेक फूल अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, फिकट गुलाबी, जांभळ्या ठिपक्यांचं. पुढची पाकळी मात्र गडद. हीच सीतेची वेणी. आसामात हिच्याच एका चुलतबहिणीचे घोस बिहू नाचणाऱ्या मुली केसांत माळतात.

"बांडगूळ का हो?" मी विचारलं. मामा म्हणाले, "बांडगूळ झाडाला खातंय. ही नुसती बसलीय."

बांडगूळ सालीच्या आत शिरून रस ओढतं. हिची मुळं साल नुसती धरून बसतात. एका मुळावर मी बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर राखाडी-पांढरं मूळ बघता बघता हिरवं झालं. मुळाभोवती स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी टिपून घेतं आणि उघड्या हवेत पुन्हा वाळतं.

उद्या मुरबाडकडे.

टोकावडे, ता. मुरबाड
रविवार, दुपार

ती. आईस,

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत इथे आले. माळशेजच्या डोंगरावर ढग टेकलेत. पायवाटेच्या कडेला हबेनारिया दिसली, तीही ऑर्किडच. एकच गोल पान जमिनीला चिकटलेलं आणि वर पांढरं फूल. ही मातीतली. वर्षभर कंदाच्या रूपात दडी मारून बसते आणि पहिल्या पावसात डोकं काढते. बघायला अक्षरशः गुडघे टेकावे लागले. सलवार चिखलाने माखली आहे, रागावू नकोस.

आता तुझ्या फर्माइशीचं. "एखादं रोप आण" म्हणाली होतीस. काल वाटेत वाऱ्याने पडलेली ऐनाची फांदी होती, तिच्यावर वेणीचं एक धडधाकट रोप. पडलेलंच आहे, न्यावं, असं मनात आलं. मी पिशवी उघडेपर्यंत मामांनी ते अलगद सोडवून शेजारच्या झाडाच्या बेचक्यात काथ्याने बांधलंसुद्धा. मी मुकाट्याने पिशवी मिटली. हिच्या एका बोंडात धुळीसारखं लाखो बी असतं, पण त्यात अन्नाचा साठा नाही. ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं, म्हणून रानात नवं रोप सहजी होत नाही. १९२२ साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बी रुजवून दाखवलं. नर्सरीतली रोपं बाटलीत वाढू लागली ती त्यानंतर. तेव्हा तुला हवं ते नर्सरीतूनच घेऊ.

आणि आपल्या बाल्कनीतलं डेंड्रोबियम का रडतंय, तेही कालच्या त्या मुळाने सांगितलं. लाल मातीत पुरून रोज पाणी घालतो आपण. मुळांना हवा कुठून मिळणार? मी येईपर्यंत माती झटकून ठेव. कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात बसवू.

रिकाम्या हाताने येत नाहीये. नाक्यावर बायका शेवळं विकत होत्या. दोन जुड्या घेतल्या, काकडंही मागून घेतली, नाहीतर घसा खाजेल. रात्री आठपर्यंत पोचते. कांदा चिरून ठेव.

तुझी,
मनू