तीन खटक्यांचा दिवा

लोणारच्या आमच्या घरात एक अमेरिकन टेबल-दिवा आहे. आण्णांचे धाकटे बंधू १९८४ साली शिकागोहून आले, तेव्हा त्यांनी तो सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणला होता. पितळी दांडा, वर जाड कापडाची पिवळट छत्री आणि बल्बाखाली फिरवायची एक लहानशी कळ, असे त्याचे रूप. कळ एकदा फिरवली की मंद उजेड, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा लख्ख आणि चौथ्यांदा अंधार. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून दिव्यासोबत एक अवजड ट्रान्सफॉर्मरही आला. तो कोपऱ्यात घरघरत असे, आणि ती घरघर ऐकू आली की आण्णा वाचायला बसले असे घरात समजले जाई.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आण्णा आमच्यातील एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. स्वतः ते शाळामास्तर होते. या दिव्याच्या तीन खटक्यांना त्यांनी तीन कामे नेमून दिली होती. पहिला खटका बोलत बसण्यासाठी, दुसरा वह्या तपासण्यासाठी आणि तिसरा पोथीसाठी. ‘कंदिलाची वात वर-खाली करावी, तसंच हे,’ असे ते पाहुण्यांना सांगत. उपमा अगदी नेमकी होती. त्या बल्बाच्या पोटात दोन तारा असतात, एक ५० वॅटची आणि एक १०० वॅटची. पहिल्या खटक्याला लहान तार पेटते, दुसऱ्याला मोठी, तिसऱ्याला दोन्ही मिळून १५० वॅट. त्यासाठी बल्बाच्या बुडाशी नेहमीच्या मधल्या टोकाखेरीज एक जादा कडे असते, आणि होल्डरमध्येही त्याला भिडणारी एक जादा पट्टी.

काकांनी वेळोवेळी पाठवलेल्या बल्बांतला शेवटचा बल्ब गेल्या वर्षी गेला. काकाही आता नाहीत. २०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना सुरू झाल्यापासून एलईडी बल्ब आपल्याकडे घरोघर पोचले आहेत. आमच्या घरातले इतर सारे दिवे केव्हाच बदलले होते. तेव्हा आम्ही बाजारात जाऊन, नेहमीचा पिनचा नव्हे तर चुडीचा, नऊ वॅटचा, पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणला. अमेरिकन होल्डरच्या आट्यांत तो बसला. ट्रान्सफॉर्मर काढून माळ्यावर टाकला, जुन्या वायरीकडे न पाहताच प्लग भिंतीत खोचला आणि विजेची केवढी बचत झाली म्हणून समाधानाने आपापल्या कामाला लागलो.

त्यानंतर आण्णांचे वाचन हळूहळू सुटले. संध्याकाळी ते खुर्चीत नुसते बसून राहत. पोथी फडक्यात बांधलेली, चष्मा तिच्यावर ठेवलेला. ते ८३ वर्षांचे. आम्ही साहित्याची माणसे. अर्थ लावण्याची सवय अंगात मुरलेली. ही निवृत्ती आहे, शब्दांपलीकडे जाण्याचा काळ आहे, असे आम्ही एकमेकांना सांगितले. त्याविषयी हळवेपणाने बोललोदेखील. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. मोतीबिंदू आहे, पण सुरुवातीचा. शस्त्रक्रियेची घाई नाही, असे ते म्हणाले. मग तर आमचा अर्थ अधिकच पक्का झाला.

सहा महिन्यांनी एकदा सहज विचारले, ‘आण्णा, पोथी काढू का?’ ते म्हणाले, ‘नको. हल्ली दिवा लागतो, पण अक्षर लागत नाही.’ मग थोडे थांबून, ‘आणि दिवासुद्धा पहिल्या खटक्याला लागत नाही. तिसऱ्याला वाढत नाही. म्हटलं, आता आपलेच डोळे गेले. तुम्हांला कशाला त्रास?’

आम्ही उठून कळ फिरवून पाहिली. पहिला खटका अंधार. दुसऱ्याला उजेड. तिसऱ्याला तोच उजेड. साध्या बल्बाला ते जादा कडेच नसते. त्यामुळे लहान तारेचा खटका रिकामा जातो आणि तिसरा दुसऱ्याची नुसती पुनरुक्ती करतो. सहा महिने एक माणूस रोज ही कळ फिरवीत होता आणि दिव्याचा दोष आपल्या डोळ्यांच्या खात्यावर मांडत होता. आणि आम्ही त्याला वैराग्य म्हणत होतो.

मग मात्र आम्ही या विषयाचा अभ्यास विद्यार्थ्यासारखा केला. पहिली गोष्ट कळली ती ही की, वॅट हे उजेडाचे माप नव्हे, खर्चाचे आहे. उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना १५० वॅटचा उजेड सुमारे २,००० ल्युमेनचा. आमचा नऊ वॅटचा बल्ब आठ-नऊशेचा. म्हणजे पोथीचा उजेड आम्ही निम्म्याहून खाली आणला होता. त्यातून वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळे पडते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे मानले जाते. ८३ व्या वर्षी काय होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दुसरी गोष्ट दिशेची. तारेचा बल्ब चहूकडे उजळतो. आपल्या नेहमीच्या एलईडी बल्बाचा खालचा अर्धा भाग मात्र अपारदर्शक असतो, कारण त्यात त्याचे विजेचे यंत्र दडलेले असते. छताला उलटा टांगला तर तो ठीक. टेबल-दिव्यात उभा बसवला की त्याचा बहुतेक उजेड आढ्याला जातो आणि पुस्तकाच्या वाट्याला उरलासुरला येतो. हे वाचले तेव्हा आण्णांचीच एक जुनी सहल आठवली. दैत्यसूदन मंदिरात विद्यार्थ्यांना नेताना ते घरातला दाढीचा आरसा सोबत घेत. एका मुलाला उन्हात उभे करीत आणि कवडसा आतल्या छतावरच्या शिल्पांवर पाडायला लावीत. ‘ऊन तेवढंच आहे रे, पण जिथं पाहायचंय तिथं पाडायला हवं,’ हे त्यांचे वाक्य आम्हांला शिल्पकलेविषयीचे वाटले होते.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो; त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिले असेल तर उजेड निळसर, २७०० किंवा ३००० असेल तर जुन्या बल्बासारखा उबदार. पण याहून महत्त्वाचा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा. तो १०० पैकी असतो. साधे बल्ब ८० च्या आसपास असतात आणि त्यांत सर्वांत आधी फिका पडतो तो लाल. आण्णांच्या हस्तलिखित पोथीत ओवीअखेरचे दंड हिंगुळाचे आहेत. त्या पांढऱ्या उजेडात ते मातकट दिसत आणि ओवी कुठे संपते ते उमगत नसे. चौथी गोष्ट लुकलुकण्याची. मोबाइलचा कॅमेरा बल्बासमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तर तो बल्ब वाचनासाठी घेऊ नये.

अमेरिकेत तीन खटक्यांचे एलईडी बल्ब मिळतात. चुलतभाऊ पाठवायला तयार होता. पण ते १२० व्होल्टचे. पुन्हा ट्रान्सफॉर्मर आला, आणि बल्ब गेला की पुन्हा समुद्रापलीकडे पाहणे आले. गावातल्या वायरमनने दिवा उघडला आणि आधी आम्हांलाच बोलला. आतल्या वायरीचे रबर बोट लावताच गळून पडत होते. मग तो म्हणाला, ‘एका बल्बात दोन तारा होत्या ना? मग आता दोन बल्ब लावू.’

छत्रीखाली त्याने दोन होल्डर बसवले. छत्रपती संभाजीनगरहून मागवलेले तारेच्या घडणीचे, चहूकडे उजळणारे दोन एलईडी बल्ब त्यांत लावले. एक चार वॅटचा, सुमारे ४०० ल्युमेनचा. दुसरा बारा वॅटचा, सुमारे १,४०० चा. दोन्ही २७०० केल्विनचे, सीआरआय ९० चे. लहान, मोठा, दोन्ही. तीन पायऱ्या परत आल्या. वीज लागते ती मात्र दीडशेऐवजी सोळा वॅट.

एक गोष्ट गेली. ती पितळी कळ आता नुसती फिरते. उजेड वायरीवरच्या दोन बटणांनी होतो. होल्डर काढू द्यायला आम्ही दोन दिवस कचरलो होतो. वर्गात आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. मूळ पाठ राखावा की आजच्या वाचकाला अक्षर लागेल असा छापावा, हा वाद विद्यार्थ्यांपुढे रंगवून मांडतो आणि बहुधा मूळ पाठाच्या बाजूने उभे राहतो. घरात तोच प्रश्न आला तेव्हा वाचक समोर खुर्चीत बसलेला होता. संहिता जपायची ती वाचणाऱ्यासाठी, एवढे तरी त्याच्याकडे पाहून कळायला हवे होते.

पहिल्या संध्याकाळी आण्णांनी सवयीने कळच फिरवली. मग आम्ही बटणे त्यांच्या हाताशी दिली. त्यांनी दोन्ही दाबली, पोथीचे फडके सोडले आणि पान दिव्याजवळ सरकवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे दंड लाल आहेत.’