समोर कोण होतं?

कोल्हापुरात पैलवानाची कीर्ती नुसत्या आकड्यांवर ठरत नाही. अमक्याने शंभर कुस्त्या मारल्या असं कुणी कौतुकाने सांगू लागलं, की खासबागच्या मैदानात उभा जन्म काढलेला प्रेक्षक मध्येच थांबवून विचारतो, ‘समोर कोण होतं?’ शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या या मैदानात काय किंवा गावजत्रेच्या फडात काय, कुस्त्या चिठ्ठ्या टाकून लागत नाहीत. जोडी ठरवावी लागते. वस्ताद, जत्रा कमिटी आणि चार जुने जाणते एकत्र बसतात. पोराचं वजन, वय, तालीम, गेल्या हंगामात तो कुणाशी लढला, हे सगळं पाहतात. त्यावर इनाम ठरतं आणि त्याच हिशेबाने एक नंबरची कुस्ती शेवटी लागते. जोड विषम झाली तर लोक तिथल्या तिथे आरडाओरडा करतात. कुस्ती आतून ठरवलेली वाटली तर ‘नुरा’ म्हणून तिची अशी निर्भर्त्सना होते, की त्या पैलवानाला पुढचा हंगाम जड जातो.

जगभरातल्या खेळांत आज ‘वेळापत्रकाची ताकद’ नावाचा एक आकडा काढतात. संघ किती जिंकला एवढंच न पाहता कुणाविरुद्ध जिंकला, कुठे जिंकला, त्या प्रतिस्पर्ध्याचं पाणी किती, याचा तो हिशेब असतो. खासबागेत हा हिशेब तोंडी चालत आला. बायकांच्या खेळाला मात्र तो फार उशिरा लागू झाला. मोजायचं म्हटलं तरी समोर प्रतिस्पर्धीच नसायची.

हमीदा बानूचं उदाहरण कोल्हापूरने तरी विसरू नये. उत्तर प्रदेशातली ही पैलवान १९५४ मध्ये देशभर गाजत होती. मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं जाहीर आव्हान होतं, आणि तोवर तीनशेहून अधिक लढती जिंकल्याचा दावाही. तिच्या तोडीच्या स्त्रिया देशात नव्हत्या, म्हणून ती पुरुषांशी लढायची. त्या वर्षी मे महिन्यात वडोद्याला बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत लोळवलं. त्याआधी ज्या पैलवानाशी तिची जोड ठरली होती, त्याने बाईशी लढणार नाही म्हणून अंग काढून घेतलं होतं. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबीला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. ही लढतच खोटी, असं लोकांचं म्हणणं. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. राज्यात तिच्या कुस्त्यांना अटकाव होऊ लागला, तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं ते असं, की ती स्त्री आहे म्हणून हे होत नाही. आयोजक तिच्यासमोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत.

या उत्तराकडे नीट पाहायला हवं. हमीदाचे विजय कुणी नाकारत नव्हतं. तिच्या प्रतिस्पर्ध्यांवर बोट ठेवलं जात होतं. प्रश्न खेळाच्या दृष्टीने रास्तच होता. अन्याय कुठे होता? तिला खरी जोड मिळू द्यायची नाही, तोडीच्या पुरुषाने लढायला नकार द्यायचा, आणि मग तिच्या विजयांना किंमत नाही म्हणायचं, यात अन्याय होता. त्याच वर्षी मुंबईत रशियाची व्हेरा चिस्टिलिन तिच्यापुढे मिनिटभरही टिकली नाही. दुसरी स्त्री समोर यायला ती परदेशातून यावी लागली.

हाच प्रश्न आज सर्वांत बारकाईने मोजला जातो तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलमध्ये. तिथे साडेतीनशेहून जास्त संघ पहिल्या श्रेणीत खेळतात आणि त्यांतून ६८ संघ मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडले जातात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग एका संघाचे २५ विजय आणि दुसऱ्याचे २१, यांत मोठं कोण हे ठरवायचं कसं? अनेक वर्षं त्यासाठी आरपीआय नावाचं साधं सूत्र होतं. स्वतःच्या विजयांच्या टक्केवारीला पाव वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला अर्धं, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला उरलेला पाव. म्हणजे तीन चतुर्थांश गुण समोरच्यावरून! सूत्र सोपं, म्हणून पळवाटही सोपी. दुबळ्या गटात भरपूर जिंकणारा संघ हेरायचा, त्याला घरी बोलवायचं, हरवायचं आणि त्याच्या विजयांचा फायदा आपल्या खात्यात घ्यायचा.

२०२०-२१ च्या हंगामापासून महिलांसाठी ‘नेट’ ही नवी क्रमवारी आली. तिच्यात प्रत्येक चढाईमागे किती गुण केले आणि किती दिले हे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार तोललं जातं. निवड समितीपुढे विजय-पराजयांची चार गटांत विभागणी येते आणि तोच प्रतिस्पर्धी बाहेरगावी हरवला तर तो विजय वरच्या गटात जाऊ शकतो. त्यामुळे मोठ्या संघांना हंगामाच्या सुरुवातीला किरकोळ पाहुणे बोलावून आकडा फुगवणं परवडेनासं झालं.

दुसरा धक्का २०२४ मध्ये बसला. फुटबॉलच्या दूरचित्रवाणी पैशासाठी विद्यापीठांचे गट नव्याने बांधले गेले. लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी, जोडीला ओरेगन आणि वॉशिंग्टन, हे पश्चिम किनाऱ्यावरचे संघ ‘बिग टेन’ या अमेरिकेच्या मध्यभागातल्या गटात गेले. नाव टेन असलं तरी संघ झाले १८. टेक्सास आणि ओक्लाहोमा दक्षिणेच्या ‘एसईसी’त दाखल झाले. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड तर अटलांटिक किनाऱ्याच्या गटात जाऊन पडली आणि त्याच हंगामात, १९८७ नंतर पहिल्यांदाच, राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिली. प्रशिक्षिका टॅरा व्हॅनडेव्हीअर यांची निवृत्तीही त्याच सुमाराची, त्यामुळे सगळा दोष प्रवासाला आणि नव्या वेळापत्रकाला देता येणार नाही. पण मुलींना देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन खेळावं लागतं, हे खरंच.

या हिशेबाची ताकद आणि मर्यादा दोन्ही २०२५ मध्ये एकाच वेळी दिसल्या. साउथ कॅरोलायना आणि कनेक्टिकट, दोन्ही संघांचे हंगामात तीन-तीन पराभव. फेब्रुवारीत कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाच्या घरी जाऊन त्यांना ८७-५८ असं हरवलं होतं. तरीही समितीने साउथ कॅरोलायनाला पहिलं मानांकन दिलं आणि कनेक्टिकटला दुसरं. कारण कनेक्टिकटचा ‘बिग ईस्ट’ हा गट तुलनेने हलका, आठवड्यामागून आठवडे तिथे तोडीचं कुणी भेटत नाही. नियमाने पाहिलं तर निर्णय योग्यच होता. मग ६ एप्रिलला टँपा इथे अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि कनेक्टिकटने ८२-५९ असा विजय मिळवला. हलक्या वेळापत्रकातून आलेला संघ हलकाच असतो असं नाही, एवढं तरी यातून मानावं लागतं.

माझ्या नजरेत त्या हंगामातली सर्वांत मोलाची गोष्ट याहून लहान होती. आयव्ही लीग हा अभ्यासासाठी नावाजलेल्या विद्यापीठांचा गट. खेळाची शिष्यवृत्ती तिथे देत नाहीत. त्या गटातून एकाच वेळी हार्वर्ड, कोलंबिया आणि प्रिन्स्टन असे तीन महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले. असं आधी कधीच झालं नव्हतं. आपल्या गटाबाहेर तगडे सामने मागून घेणाऱ्या लहान संघालाही वाट सापडते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. कॉलेजच्या मुलींचे संघ आधी विभागीय, मग आंतरविभागीय स्पर्धा खेळतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. आघाडीवर राहिला तर अखिल भारतीय स्पर्धा, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार. कागदावर शिडी छान आहे. पण सामने बहुतेक बाद पद्धतीचे. पहिल्याच फेरीत तगडा संघ आला की एका दुपारी मुलींचं वर्ष संपतं; उलट बाजूने सोपी वाट मिळालेला संघ उपांत्य फेरीपर्यंत जाऊन स्वतःविषयी गैरसमज करून घेतो. वर्षभरात तीन-चार सामने खेळलेल्या मुलीच्या वेळापत्रकाची ताकद मोजायची तरी कशी?

त्याची किंमत वर जाऊन मोजावी लागते. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला भारताच्या महिला बास्केटबॉल संघाने आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. हा विजय थरारक होता आणि त्याने अ गटाचं दार उघडलं. चार वर्षांनी अम्मानमध्ये समोर जपान आला, टोकियो ऑलिंपिकचं रौप्य नुकतंच गळ्यात घालून. निकाल १३६-४६. त्या स्पर्धेनंतर भारत पुन्हा ब गटात गेला. आपल्या मुली चार वर्षांत वाईट झाल्या होत्या का? मुळीच नाही. समोरचा प्रतिस्पर्धी बदलला होता, आणि त्या दर्जाचे पुरेसे सामने मधल्या काळात त्यांना कुणी मिळवून दिले नव्हते.

बाद पद्धतीतल्या अडचणीवर कुस्तीने एक शहाणा तोडगा काढला आहे, तो म्हणजे रेपेशाज. अंतिम फेरीत गेलेल्या पैलवानाकडून जे हरले, त्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. २०१६ मध्ये रिओला साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या व्हॅलेरिया कोब्लोव्हाकडून हरली. कोब्लोव्हा अंतिम फेरीत पोचली म्हणून साक्षी परत आखाड्यात आली, मंगोलियाच्या पैलवानाला हरवलं, मग किर्गिझस्तानच्या तिनिबेकोव्हाविरुद्ध ०-५ अशी मागे असताना ८-५ ने जिंकली. पराभव कुणाकडून झाला यालाही मोल असतं, हे नियमातच लिहिलेलं आहे. पॅरिसला २०२४ मध्ये मानांकन नसल्यामुळे विनेश फोगाटला पहिल्याच लढतीत टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी आली. टोकियोत सुसाकीने एकही गुण दिला नव्हता. विनेशने तिला शेवटच्या क्षणी ३-२ ने हरवलं. पुढे वजन जास्त भरल्यामुळे विनेश अपात्र ठरली, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच रेपेशाजमधून सुसाकीला कांस्य मिळालं.

कोल्हापूर जिल्ह्याला या वाटेची ओळख आधीपासून आहे. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जपानच्या इशीई आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्ह या दोघांकडून हरले. पुढे या दोघांनी सुवर्ण आणि रौप्य घेतलं, आणि खाशाबांनी कांस्य.

आता मुलींची पाळी आहे. वडणग्याची रेश्मा माने भारताकडून मॅटवर उतरली. मुरगूडच्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलातून नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या मुली राष्ट्रीय पातळीवर गेल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा उचलली. अंतिम लढत हरलेली वैष्णवी हरियाणात सराव करत राहिली आणि २०२५ मध्ये ६५ किलो गटात जागतिक स्पर्धेसाठी भारताच्या संघात आली. या गोष्टीतला हरियाणा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे एकाच वजनाच्या दहा मुली एका मॅटवर रोज भेटतात. आपल्याकडे तालमीत मुलीच्या वजनाची दुसरी मुलगी नसेल तर तिला मुलांशी सराव करावा लागतो. त्याने जोर येतो, पण स्पर्धेत जी भेटणार तिची चाल, तिचा वेग अंगवळणी पडत नाही. जिल्हा पातळीवर एखाद्या वजनगटात नावंच कमी येतात आणि दोन लढतींत सुवर्ण हाती पडतं. घरचे पेढे वाटतात, वाटावेतच. पण प्रशिक्षकाने वहीत समोरचीचं नाव, वजन आणि तिची मागची कामगिरी लिहून ठेवली नाही, तर राज्य स्पर्धेत तिचं काय होणार याचा अंदाज कुणालाच येत नाही.

जत्रांच्या फडात आता मुलींच्या कुस्त्याही लागतात. त्या जोड्या लावताना कमिटी मुलांसाठी जेवढा बारकाईने विचार करते तेवढाच तिने इथेही करावा, आणि इनामही त्याच हिशेबाने ठेवावं. जाणत्या प्रेक्षकाची इथे कमी नाही. हमीदाच्या कुस्तीला ज्यांनी नुरा म्हटलं, त्यांच्या नातवंडांनी मुलींच्या विषम जोडीलाही तितक्याच मोठ्याने नाव ठेवलं पाहिजे.

बास्केटबॉलसाठी एक सूचना गांभीर्याने मांडतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या सहा कॉलेजांनी मुलींची साखळी स्पर्धा सुरू करावी, एकदा आपल्या मैदानावर, एकदा समोरच्या. प्रत्येक संघाला दहा सामने मिळतील. सांगली कोल्हापूरहून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. साताऱ्याला सकाळी निघालेला संघ सामना खेळून रात्री घरी येतो. सगळ्यांचं वेळापत्रक सारखंच असल्यामुळे या सहांत क्रम लावायला कुठल्याही सूत्राची गरज नाही. सूत्र लागेल ते पुण्या-मुंबईच्या संघांशी तुलना करताना. त्यासाठी प्रत्येक संघाने दोन सामने विभागाबाहेर खेळावेत, शक्यतो आपल्याहून सरस संघाशी आणि त्यांच्या मैदानावर. निकाल, ठिकाण आणि गुणफरक विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने दर आठवड्याला जाहीर करावेत. बारा सामन्यांच्या नोंदीवर विद्यापीठाचा संघ निवडला, तर निवड चाचणीच्या एका दिवशी ताप आलेली चांगली गार्डही संघाबाहेर राहणार नाही.