रात्री मुलींजवळ कोण असतं?

मागच्या ऑगस्टमध्ये मुलीला अमरावतीच्या वसतिगृहात सोडायला गेलो, तेव्हा माझी मोठी बहीण हट्टाने सोबत आली. आम्ही तिला आपा म्हणतो. अकोटहून सकाळच्या एसटीने निघालो. अंजनगाव गेलं तरी आपा गप्पच होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मुलीसाठी केलेले शंकरपाळे आणि लोणच्याची बरणी.

वसतिगृहात फॉर्म भरून झाला. फी, फोटो, स्थानिक पालकाची सही, सगळं उरकलं. मी उठणार तेवढ्यात आपाने वॉर्डनबाईंना विचारलं, ‘‘रात को यहाँ कौन रहता है, बाई?’’

मी खुर्चीतच थिजलो. हा प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता.

1987 साल होतं. आपा बारावी झाली होती आणि डी.एड.ला तिचा नंबर लागला होता. कॉलेज परगावी होतं, रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नव्हतं. कॉलेजचं पत्र आलं त्या संध्याकाळी अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘‘रात को वहाँ कौन रहता है?’’ अम्मी गप्प राहिली. मामूंनी मान हलवली. मी सोळा वर्षांचा होतो, मीही गप्प राहिलो. पत्र घडी घालून कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं.

दोन वर्षांनी मी बी.एस्सी.साठी अमरावतीला गेलो, वसतिगृहात राहिलो. माझी पेटी आपानेच भरली. खाली अंथरायला अकोटची सतरंजी दिली. मी जाणार तिथे रात्री कोण असतं, हे कुणीच विचारलं नाही.

पुढे बरीच वर्षं मी अब्बांनाच दोष देत आलो. जुन्या वळणाचे होते, मुलींच्या शिक्षणाच्या विरोधात होते, असं मित्रांना सांगायचो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मुलींच्या बोर्डिंगांविषयी वाचत गेलो तसं लक्षात आलं, की अब्बांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मुलींची बोर्डिंगं ज्यांनी उभी केली, त्या सगळ्यांना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं होतं. ज्यांनी ते दिलं त्यांच्याच शाळा टिकल्या.

अलिगढचं उदाहरण घ्या. शेख अब्दुल्ला म्हटलं की आपल्याला काश्मीरचे नेते आठवतात. हे दुसरे शेख अब्दुल्ला, अलिगढचे वकील. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी 1904 मध्ये ‘खातून’ नावाचं उर्दू मासिक काढलं आणि ऑक्टोबर 1906 मध्ये अलिगढ शहरात भाड्याच्या घरात मुलींची शाळा सुरू केली. मुली मोजक्याच होत्या. त्यांना पडदा लावलेल्या डोलीतून आणावं लागे. पण शाळा वाढवायची तर बाहेरगावच्या मुली हव्यात, आणि बाहेरगावच्या मुली हव्यात तर बोर्डिंग हवं. इथे मात्र भलेभले समर्थकही अडखळले. दिवसाची शाळा एक वेळ चालेल, पण शरीफ घरची पोरगी रात्री घराबाहेर?

1914 मध्ये भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांच्या हस्ते बोर्डिंगचं उद्घाटन झालं. भिंती उंच होत्या, पडदा कडक होता. पण आईबापांचा विश्वास भिंतींमुळे बसला नाही. वहीद जहाँ बेगम स्वतःच्या मुलींना घेऊन बोर्डिंगमध्येच राहायला गेल्या. मुलींचं जेवण, आजारपण, रुसवेफुगवे त्यांनी अंगावर घेतले. मुली त्यांना आला बी म्हणत, शेख अब्दुल्लांना पापा मियाँ. रात्री कोण असतं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सरळ होतं. मी असते, आणि माझ्या मुलीही इथेच झोपतात.

महाराष्ट्रातही वेगळं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे त्या मुलींबरोबरच राहत. तिथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला, माळरानावरच्या झोपडीत नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग चालत हिंगणं गाठायचं, असा त्यांचा क्रम होता. गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या, पुढे तिथला कारभार पाहू लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. शिकायला आलेली बाईच उद्या येणाऱ्या मुलींची पालक झाली.

पण उत्तर असलं तरी ते सगळ्यांसाठी नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. विठ्ठल रामजी शिंदे यांची बहीण जनाक्का. सासरी तिला फार सोसावं लागलं. भावाने ठरवलं, हिला शिकवायचं. तो तिला कर्व्यांच्या आश्रमात घालायला गेला. आश्रम तेव्हा ब्राह्मण विधवांसाठी होता, जनाक्का मराठ्याची मुलगी, तिला प्रवेश मिळाला नाही. शेवटी पुण्याच्याच हुजूरपागेच्या शाळेने तिला घेतलं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर 1884 मध्ये सुरू झालेली ही मुलींची शाळा. इरावती कर्वे यांनाही ब्रह्मदेशातून सातव्या वर्षी इथेच ठेवलं होतं.

जनाक्का शिकली आणि पुढे काय केलं? शिंद्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मुंबईला परळमध्ये शाळा काढली, तेव्हा ती भावाच्या कामात उतरली. ती शाळाही ऑक्टोबर 1906 मधलीच, अलिगढच्या शाळेच्या जन्माच्या महिन्यातली. जिला एका दारातून परत पाठवलं, तिने आयुष्य दुसऱ्यांसाठी दार उघडण्यात घालवलं.

अलिगढच्या मुलींनी तर आईबापांना बरंच काही दाखवलं. पापा मियाँची थोरली मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली, लेखिका झाली. 1932 च्या ‘अंगारे’ या कथासंग्रहात तिचं लिखाण होतं. त्यावर एवढं काहूर उठलं की पुढच्या वर्षी सरकारने पुस्तकावर बंदी घातली. त्यांचीच एक मुलगी खुर्शीद ‘रेणुका देवी’ नावाने बॉम्बे टॉकीजच्या सिनेमांत नायिका झाली. आणखी एक मुलगी, मुमताज जहाँ, अलिगढच्याच महिला कॉलेजची अनेक वर्षं प्राचार्य होती. इस्मत चुगताई याच बोर्डिंगमधल्या. मला शिकायला पाठवलं नाही तर पळून जाऊन मिशनच्या शाळेत दाखल होईन आणि ख्रिश्चन होईन, अशी धमकी त्यांनी वडिलांना दिली होती. वडिलांनी पाठवलं. पुढे त्या स्वतः मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि मुंबईत शाळा तपासनीस.

डॉक्टर, नटी, प्राचार्य, लेखिका. एका भिंतीआडून चार वेगळ्या वाटा निघाल्या. यातली प्रत्येक वाट त्या काळच्या प्रत्येक बापाला पसंत पडली असती असं नाही. पण जिला बाहेर पडूच दिलं नाही, तिच्यापुढे वाट निवडायचा प्रश्नच येत नाही.

आपाचं लग्न झालं, तीन मुलं झाली. शिलाईची मशीन चालवून तिने संसाराला हातभार लावला. दुपारी मोहल्ल्यातल्या पोरी तिच्याकडे नाजरा शिकायला येत. त्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेचे दाखले, बँकेची पासबुकं हीच पाहायची. शिक्षिका ती झालीच, फक्त पगार आणि हजेरीपट नव्हता. लोक म्हणायचे, आपाला शिकवायची आवड आहे. मला ते ऐकवत नसे.

वॉर्डनबाई आपाच्या प्रश्नावर चिडल्या नाहीत. उठल्या, आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या आणि एक दार उघडलं. आत पलंग, गॅसची शेगडी, अभ्यास करत बसलेली शाळकरी मुलगी. ‘‘मी इथंच राहते. ही माझी लेक. रात्री कुणाचं पोट दुखलं तरी पहिलं दार हेच वाजतं.’’ आपाने खोलीभर नजर फिरवली. मग पिशवीतली लोणच्याची बरणी काढून त्या मुलीच्या हातात दिली. माझ्या मुलीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा आपाला दिली. बराच वेळ गेल्यावर मी म्हणालो, ‘‘अब्बांनी तेव्हा तुला पाठवायला हवं होतं.’’

ती म्हणाली, ‘‘अब्बाने तो पूछा था. पूछना गलत नहीं था. पर जवाब लाने कोई गया नहीं.’’

बसचं तिकीट तेव्हा काही रुपयांचं होतं. कुणीतरी जाऊन दार वाजवून विचारायचं होतं, इथे रात्री कोण असतं. कदाचित उत्तर चांगलं मिळालं असतं, कदाचित नसतं. मी सोळा वर्षांचा होतो, सायकलवरून अख्खं अकोट पालथं घालायचो, पण त्या एका कामासाठी घराबाहेर पडलो नाही. दोष अब्बांवर टाकणं सोपं होतं.

आज आपल्या गावांतून मुली दहावी-बारावीला मुलांच्या पुढे असतात. निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटतो, मोबाइलवर फोटो टाकतो. पुढे कॉलेज लांब असलं की तोच प्रश्न येतो, आणि पुन्हा तो कपाटात ठेवला जातो. वसतिगृहाच्या इमारतीसाठी चंदा गोळा करणारे बरेच भेटतात. तिथे राहायला जाणारी आला बी कुठून आणायची, याची चर्चा मी क्वचितच ऐकली आहे. मुली शिकतील, त्यातल्या काही परत येतील आणि राहतील, तेव्हाच ती मिळेल. पण आधी कुणाला तरी पाठवावं लागेल, आणि पाठवण्याआधी कुणाला तरी जाऊन पाहावं लागेल.

दुसऱ्या रात्री मुलीचा फोन आला. मला नाही, फुप्पीला. मी शेजारीच बसलो होतो. ‘‘फुप्पी, लोणचं त्यांनी सगळ्यांना वाटलं. आता मला विचारतायत, अजून कधी येणार?’’

आपाने पुढच्याच रविवारी कैऱ्यांऐवजी लिंबं आणली. त्या मोसमात कैऱ्या कुठल्या?