चाळीस गुणांची सवलत

आमच्या जिमखान्यात दर पावसाळ्यात स्नूकरची स्पर्धा भरते. मैदानात तळे साचून क्रिकेट बंद पडलेले असते आणि हिरव्या बनातीचे ते बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल सर्वांना हाका मारीत असते. या स्पर्धेची मौज अशी की तिच्यात कोणीही उतरावे. ज्याचा नेम सहसा चुकत नाही असा कॉलेजकुमार उतरतो आणि ज्याचा नेम सहसा लागत नाही असा माझ्यासारखा गृहस्थही उतरतो. ही विषमता भरून काढण्यासाठी फलकावर एक यादी लागते. खेळापूर्वीच कोणाला किती गुणांची सवलत, हे तीत लिहिलेले असते. लग्नाच्या पत्रिकासुद्धा कोणी इतक्या बारकाईने पाहत नसेल! सवलत कमी मिळाली तर माणूस चिडतो. जास्त मिळाली तर त्याहून चिडतो.

वास्तविक या खेळात लाजण्याचे कारण नाही. त्याचे नावच मुळी नवशिक्याचे आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत) बिलियर्डच्या टेबलावर जादा रंगीत चेंडू मांडले. लष्करी विद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या काळी 'स्नूकर' म्हणत. चेंडू चुकलेल्या एका सोबत्याला साहेबांनी तेच नाव ठेवले आणि तो वरमलेला पाहून, या खेळात आपण सारेच स्नूकर, अशी सारवासारव केली. ही हकीकत त्यांनीच म्हातारपणी सांगितली. पुढे १९५८ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळवले आणि साहेबाचे ते टेबल आपल्यालाही घरचे वाटू लागले.

यंदा पहिल्याच फेरीत माझ्या भाच्याची गाठ एका निवृत्त स्टेशनमास्तरांशी पडली. मास्तरांचे वय शहात्तर. क्यू टेकवायचा तो डावा हातच थरथरतो. यादीत त्यांच्या नावापुढे चाळीस गुण होते. ते वाचून मास्तर एवढेच म्हणाले, "गाडी चाळीस मिनिटं आधी सोडलीत म्हणायची!"

खेळ मात्र त्यांनी धूर्तपणे केला. आपल्याला चेंडू घालता येत नाही तर भाच्याला तो दिसूच द्यायचा नाही, हा त्यांचा बेत. पांढरा चेंडू ते हळूच दुसऱ्या चेंडूंच्या आड नेऊन ठेवीत. शेवटी टेबलावर उरला एकच काळा, सात गुणांचा. मास्तर अठ्ठावन्न, भाचा बावन्न. पाळी भाच्याची, आणि काळा अगदी भोकाच्या तोंडाशी.

भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिले. त्याच्या मनातले मला कळले, कारण माझ्याही मनात तेच होते. चुकव रे! मास्तरांच्या पत्नीला जाऊन अजून वर्ष झाले नव्हते. म्हाताऱ्याला एक विजय मिळाला तर कोणाचे काय बिघडणार?

मास्तरांनी ती नजर टिपली. "बाळ," ते म्हणाले, "माझे चाळीस मी आधीच घेतलेत."

भाच्याने काळा घातला. एका गुणाने मास्तर हरले आणि त्याची पाठ थोपटून चहा मागवायला निघून गेले.

घरी मुलांशी पत्ते खेळताना आपण मुद्दाम हरतो. मुलांना ते कळते. त्यांचे तोंड उतरते ते त्यामुळेच. वृद्धांशी बोलताना तर पुष्कळदा आपण हेच करीत असतो. मला वाटते, सवलत द्यायची ती खेळापूर्वी, फलकावर, चारचौघांत. तिला नियमाची प्रतिष्ठा असते. खेळ चालू असताना गुपचूप दिली तर ती भीक होते आणि समोरचा माणूस खेळाडू उरत नाही. मास्तरांना त्या संध्याकाळी जिंकण्यापेक्षा खेळाडू राहायचे होते.

पुढल्या पावसाळ्यासाठी त्यांनी अर्ज दिला आहे. सवलतीच्या रकान्यात लिहिले आहे : पस्तीस पुरेत.