देवमाणसाचा शेवट कसा व्हायला पाहिजे होता?



आज फवारणी नाही, खत नाही, बाजारभावही नाही. २०२५ साली मे महिन्यातच पावसानं गाठलं, तेव्हापासून त्याच्यावरच लिहितोय. आज जरा दुसरं.

२०२५ च्या जूनमध्ये झी मराठीवर 'देवमाणूस'चा तिसरा भाग सुरू झाला, 'मधला अध्याय' नावानं. त्यामुळं २०२१ साली आमच्या चाळीत कांदा निवडताना जो वाद पेटला होता तो परत उकरून निघाला. वाद एवढाच : त्या डॉक्टरचा शेवट कसा व्हायला पाहिजे? हसू नका. या वादात गावातली जेवढी माणसं बोलली तेवढी ग्रामसभेलाही बोलत नाहीत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२० च्या ऑगस्ट अखेरीला ही मालिका सुरू झाली. एका खेड्यात डॉक्टर अजितकुमार देव राहतो. गोड बोलतो, उधारीवर इंजेक्शन देतो, रात्री-अपरात्री हाकेला धावतो. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. खरा तो डॉक्टर नसतोच, कंपाउंडर असतो देवीसिंग नावाचा. बायकांना नादी लावायचं, पैसा-दागिने काढायचे आणि मग कायमचं गायब करायचं, हा त्याचा धंदा. काम किरण गायकवाडनं केलं, तोच तो 'लागिरं झालं जी'मधला भैय्यासाहेब. सरू आजीच्या म्हणी तर आमच्याकडं पोरंसोरं बोलायला लागली होती.

वेळ रात्री साडेदहाची. शेतकऱ्याच्या घरात एवढ्या उशिरा कोण जागतं? पण हिच्यासाठी जागायचे. मोटारीची लाईट रात्रीची असली की निम्मी गडी माणसं मळ्यात, अन् बांधावर बसून मोबाईलवर तेच बघणार. सकाळी मजूर बायका आल्या की पहिला प्रश्न, "रात्री कोनाला मारलं?"

मालिका एवढी का धरली, याचं एक कारण मला तेव्हाच कळलं होतं. करोनाचं वरीस. सरकारी दवाखान्यात गर्दी, खासगीवाले लांबून बघायचे. अशा वेळी जो माणूस हात धरून नाडी बघेल तो देवच वाटणार. त्यामुळं मालिकेतल्या गावाला "किती बावळट लोक" म्हणून हसावं असं आमच्यातल्या कुणाला वाटलं नाही. आपल्याही गावात असंच झालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की १५ तारखेला, रविवारी शेवटचा भाग. बागेत काडी पिकायची वाट बघत होतो, तेवढ्यात उन्हाळ कांदा निवडून लासलगावला पाठवायचा होता. चाळीत दहा-बारा जण बसलेलो. सडका बाजूला, चांगला गोणीत, आणि तोंडानं डॉक्टरचा निकाल.

पहिला गट फाशीवाल्यांचा. धाकटे चुलते त्याचे पुढारी. "कोर्टानं फाशी दिली पाहिजे, आन् ती दाखवली पाहिजे. नुसतं जजानं पेन मोडलेलं नको."

दुसरा गट एन्काउंटरवाल्यांचा, म्हणजे पुतण्या आणि त्याचे मित्र. मालिकेत एसीपी दिव्या सिंग नावाची पोलीस अधिकारी त्याच्या मागावर असते. पोरांचं म्हणणं, तिनं त्याला गोळी घालावी, विषय संपला. "काका, कोर्टात काय व्हतं? तारीख. हैदराबादला बघा, आठ दिवसांत मिटवलं."

हैदराबादचं ते प्रकरण डिसेंबर २०१९ चं. डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याच्या आरोपातले चौघे पोलिसांच्या गोळीनं मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. पण ही गोष्ट तिथं संपली नाही. सुप्रीम कोर्टानं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष आपल्या महाराष्ट्रातलेच निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर. २०२२ मध्ये अहवाल आला की पोलिसांनी सांगितलेली हकीकत खरी मानता येत नाही, गोळीबार मारण्याच्या हेतूनंच केला होता. पुतण्याला नंतर मी तो अहवाल दाखवला. तो म्हणाला, "मंग शेवट झालाच नाही म्हना की."

तिसरा गट बायकांचा. त्यांना ना कोर्ट पाहिजे, ना पोलीस. "गावातल्या बायांच्या ताब्यात द्या त्याला, बास." हे ऐकून आम्ही हसलो, पण महाराष्ट्रात हे खरंच घडलेलं आहे. १३ ऑगस्ट २००४, नागपूर. कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादवला भर कोर्टात जमावानं ठार केलं, त्यात बायका पुढं होत्या. तक्रारी करकरून कुणी दाद दिली नाही म्हणून ती वेळ आली होती. पुढं त्यांच्यावरच खटले चालले आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ती माणसं पुराव्याअभावी सुटली. म्हणजे तो शेवटही बघणाऱ्याला गोड वाटतो, पण तो करणाऱ्यांनी दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

चौथा गट एकट्या नानांचा. नाना म्हणाले, "तो सुटला पायजे. तो मेला तर आपन रातच्याला काय बघायचं?" सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पण खरं सांगू का, चॅनेलवाले नानांच्याच गटाचे निघाले.

एवढा वेळ मावशी गप्प होती. कांदा दाबून बघायची, वास घ्यायची, टाकायची. मग म्हणाली, "त्याचं काय व्हायचं ते व्हवो. त्या बाया कुठं गाडल्यात ते घरच्यांना कोन सांगनार? त्यांच्या आया वाट बघत असतील ना?"

कुणी काही बोललं नाही. वर्षभर रोज मालिका बघितली, पण मेलेल्या बायकांची नावं क्रमानं सांगा म्हटलं तर आमच्यातल्या एकालाही आली नसती. डॉक्टरच्या शर्टाचा रंग मात्र सगळ्यांना पाठ.

मावशीचं ते बोलणं मालिकेपेक्षा ज्या खऱ्या प्रकरणावर मालिका बेतली त्याला जास्त लागू होतं. सातारा जिल्ह्यातलं वाई. २०१६ च्या जूनमध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची एक पदाधिकारी बेपत्ता झाली. तिचा शोध घेताना पोलीस संतोष पोळपर्यंत पोचले आणि ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. गावात तो डॉक्टर म्हणून वावरायचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे २००३ पासून सहा खून, पाच बायका आणि एक पुरुष. धोमच्या त्याच्या शेतघराच्या आवारात खोदून मृतदेह काढले तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

आता हिशेब करा. २००३ ते २०१६, तेरा वर्षं. आपल्या द्राक्षबागेचं निम्म्याहून जास्त आयुष्य. तेवढा काळ काही घरांत एक माणूस 'बेपत्ता' एवढ्याच शब्दावर थांबून राहिलेलं. बाई बेपत्ता झाली की गाव काय म्हणतं, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. "गेली असंल कुणाबरोबर." हे एकदा म्हटलं की शोधायचं काम संपतं. मारणाऱ्याला यापेक्षा मोठी मदत कुठली?

मालिका संपली तेव्हा तो खटला चालूच होता. वाईच्या त्या घरांसाठी १५ ऑगस्टला काहीच संपलं नव्हतं.

आणि मालिका तरी कुठं संपली? शेवटचा भाग बघून आमच्याकडं सगळे गट एकदम खवळले. वर्षभर जागून जो निकाल बघायचा होता तो मनासारखा लागलाच नाही. "आपल्याला येड्यात काढलं," चुलते म्हणाले. चार महिन्यांनी, डिसेंबरात, दुसरा भाग आला. तो २०२२ च्या सप्टेंबरात संपला. मग २०२५ च्या जूनमध्ये मधला अध्याय सुरू झाला. शेवट जमेना म्हणून गोष्ट मधूनच परत सुरू केली, असं पुतण्या म्हणतो. यात चॅनेलचं काय चुकलं? खलनायक चालतो, म्हणून तो जिवंत ठेवतात. मेलेली माणसं टीआरपी देत नाहीत. आवडत्या माणसाचं उलटं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'सीआयडी'त शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं तर देशभर लोक चिडले होते, आमच्या घरातसुद्धा दोन दिवस सुतक असल्यासारखं. पडद्यावरच्या माणसाचा शेवट कसा व्हावा, याची आपल्याला एवढी काळजी.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. नाशिकला देवमाणूस नवा नाही. आपल्याकडं तो गळ्यात स्टेथोस्कोप घालत नाही, हातात साखर मोजायचा मीटर घेऊन बागेत येतो. पहिल्या दोन गाड्या रोख. "दादा, तुमच्यासारखा माल पट्ट्यात नाही." आईच्या पाया पडणार, पोराला चॉकलेट. तिसऱ्या गाडीला चेक, चौथीला "चार दिवसांत टाकतो", आणि मग फोन बंद. आमच्या शिवारातून एक असाच गेला, माझाही माल त्यात होता. तेव्हाही पारावर हेच गट पडले होते. एक म्हणे हातपाय मोडा, एक म्हणे जेलात घाला, एक म्हणे जाऊ द्या, नशीब.

योगायोग बघा. देवमाणूस सुरू झाली त्याच सुमाराला, २०२० च्या सप्टेंबरात, नाशिक परिक्षेत्राला प्रतापराव दिघावकर पोलीस महानिरीक्षक म्हणून आले. त्यांनी जाहीर सांगितलं, ज्या शेतकऱ्यांना व्यापाऱ्यांनी बुडवलं त्यांनी तक्रारी द्या. जुन्या तक्रारी बाहेर निघाल्या. गुन्हा दाखल होणार म्हटल्यावर कित्येक व्यापारी स्वतःहून पैसे घेऊन आले. सगळ्यांना सगळे मिळाले असं नाही. आम्हालाही काही मिळाले, काही राहिले. पण त्या वेळी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ज्या दिवशी ठाण्यात आमची नावं, किती क्विंटल, कुठल्या तारखेला, किती बाकी, असं ओळीनं लिहिलं गेलं, त्या दिवशी पारावरची हातपाय मोडायची भाषा बंद झाली. कुणीतरी आपलं नुकसान मोजलं, एवढ्यानंच निम्मा राग उतरतो.

म्हणून मला विचाराल तर मी मावशीच्या गटाचा. शेवटच्या भागात डॉक्टरला फाशी द्या, गोळी घाला, नाहीतर पळवून लावा, पाच मिनिटांत उरका. राहिलेला वेळ त्या बायकांच्या घरी जा. एकेकीचं नाव घ्या. तिच्या आईला सांगा, भावाला सांगा, "गेली असंल कुणाबरोबर" म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही सांगा. तिचा तक्रार-अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता तेही दाखवा. असा शेवट दाखवला असता तर चुलते अन् पुतण्या दोघंही भांडण विसरून गप्प बसले असते, पैजेवर सांगतो.

मालिका आपल्या हातात नाही, पण तीन गोष्टी आहेत. दवाखान्याच्या पाटीवर नोंदणी क्रमांक नसेल तर विचारा, त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही. माल देताना व्यापाऱ्याचा बाजार समितीचा परवाना बघा, सौदापावती घ्या, गाडीनंबर लिहून ठेवा, कितीही गोड बोलला तरी. आणि गावातली कुणी बाई, मजूर असो की भावकीतली, दोन दिवस दिसली नाही तर तिच्याबद्दल गप्पा मारू नका, पोलीस पाटलाला सांगा आणि ठाण्यात नोंद झाली का ते परत जाऊन विचारा. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आपल्या मळ्यात येणाऱ्या बायांची नावं-गावं आपल्या वहीत असतात का? आमच्या वहीत आता फोन नंबरासकट असतात.

तुमच्या घरात डॉक्टरच्या शेवटावरून कुठले गट पडले होते ते खाली लिहा. नानांच्या गटाचे किती निघतात ते बघू.

उघडीप मिळाली तर परवा बोर्डोची फवारणी आहे, प्रमाण तेव्हा टाकतो.